नांगर काढायचा: एमएम ५४० च्या मागच्या लिंक ब्रॅकेटच्या नोंदी

८ नोव्हेंबर, शनिवार

फराळाचे डबे रिकामे झाले, पाहुणे गेले, आता शेडमध्ये जायला कुणाची आडकाठी नाही. यावेळी काम एकच धरलंय. माझ्या महिंद्रा जीपच्या मागच्या एक्सलला खालच्या लिंकचे (एक्सल चेसीला धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे) जे दोन ब्रॅकेट लोंबतायत ते वर घ्यायचे. पावसाळ्याच्या आधी बंद खाणीत हौसेनं दगडातनं गाडी चढवताना डावा ब्रॅकेट दगडाच्या कडेला असा अडकला की गाडी ना पुढं ना मागं, शेवटी हाय-लिफ्ट जॅकनं उचलून चाकाखाली दगड रचले तेव्हा निघाली, आणि घरी येऊन बघतोय तर ६ मिमीची प्लेट कुत्र्याच्या कानासारखी मुडपलेली. मामा तिथंच होता, म्हणाला गाडीला नांगर जोडून खाण नांगरतोस व्हय रं. तेव्हापासनं आमच्यात त्या ब्रॅकेटचं नाव नांगरच पडलंय.

गाडी कुठली ते एकदा लिहून ठेवतो. एमएम ५४०, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल, मूळची चारी बाजूनं कमानपाट्यावरची. तीन वर्षांपूर्वी मागचे पाटे काढून फोर-लिंक आणि कॉइल बसवली. वरच्या दोन लिंक डिफच्या (एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याच्या) डोक्यावर जवळ येतात, खालच्या दोन चेसीपासनं चाकाकडं फाकत जातात, त्यामुळं एक्सल बाजूला सरकू नये म्हणून घालतात तो आडवा पॅनहार्ड रॉड लागत नाही. ही गाडी रस्त्यावर चालवत नाही, असले बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये बसतच नाहीत, ती ट्रॉलीवर चढून खाणीत जाते आणि ट्रॉलीवरच परत येते.

आज फक्त मापं घेतली. सपाट फरशी, ३१ इंची टायर, हवा २६ पीएसआय, डिझेल अर्धी टाकी. एक्सलचा मध्य जमिनीपासनं ३७५ मिमी. एक्सलची ट्यूब ७६ ची, म्हणजे तिचं पोट ३३७ वर. नांगराची खालची कड २७०. शॉकच्या खालच्या कानाची कड २९८ (कान म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर एक्सलला ज्याच्यात बोल्टनं बसतो तो). डिफचं पोट २४५.

म्हणजे नांगर ट्यूबच्या खाली तब्बल ६७ मिमी. आता कुणी म्हणेल डिफ तर त्याच्याही खाली आहे, मग ओरड कसली. डिफ मधोमध आहे, गोल आहे, ते कुठं आहे हे चालवणाऱ्याच्या डोक्यात पक्कं असतं, दगडावर चाक चढवलं की ते बाजूनं निघून जातं आणि टेकलं तरी घसरतं. ब्रॅकेट मात्र चाकाच्या अगदी आतल्या अंगाला, चाक दगडावरनं जरा सरकलं की पहिला तोच बसतो आणि तो उभ्या प्लेटचा, घसरायचं नावच नाही, रुतूनच बसतो.

९ नोव्हेंबर, रविवार

मुळात तो एवढा खाली का लावला होता? आळस, दुसरं काय. ट्यूबची त्रिज्या ३८, लिंकच्या टोकातल्या रबरी बुशच्या घराची त्रिज्या ३०, मध्ये ७ मिमी हवा, झाला ७५, म्हणून बोल्ट ट्यूबच्या मध्याच्या बरोबर खाली ७५ वर आणि ब्रॅकेट नुसता खालनं चिकटवलेला. करायला सगळ्यात सोपं तेच. तेव्हा वाटलं होतं एवढ्यानं काय होतंय.

आता सोपे उपाय आधी मोजून बघितले. ब्रॅकेटच्या पुढं तिरकी प्लेट लावून घसरगुंडी करायची, पण त्यानं तो अडकणार नाही एवढंच, उंची तीच राहते, वर रिव्हर्सला मागची बाजू उघडीच. ३३ इंची टायर घातले तर एक इंच मिळतो पण गिअरिंग, ब्रेक, मडगार्ड, सगळ्याचा खर्च मागनं येतो. ब्रॅकेट तापवून मागं वाकवायचा हा मामाचा उपाय, त्यावर काही लिहीत नाही.

मग ठरलं, बोल्टच वर न्यायचा. ७५ खाली आहे तो १५ खाली आणायचा, ६० मिमी फायदा. कागद घेऊन बसलो आणि बाजूचं चित्र काढलं.

सध्याची स्थिती अशी. खालच्या लिंकचा एक्सलकडचा बोल्ट ३०० उंचीवर, चेसीकडचा ९०० मिमी पुढं ४३० वर. वरच्या लिंकचा एक्सलकडचा ५३०, चेसीकडचा ७५० पुढं ५६० वर. व्हीलबेस २३१०. वजनाच्या मध्याची उंची ७०० धरली, अंदाजानंच, पण सगळ्या हिशोबात तीच धरली की तुलना तरी खरी राहते.

दोन्ही लिंकच्या रेघा पुढं वाढवायच्या, जिथं मिळतात तिथं एक टिंब. मागचा टायर जमिनीला टेकतो तिथनं त्या टिंबातनं रेघ ओढायची, ती पुढच्या एक्सलच्या उभ्या रेघेला ज्या उंचीवर कापते त्याला ७०० नं भागायचं. हा झाला अँटी-स्क्वॅट. शंभर टक्क्याच्या आसपास असला तर अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर मागचा भाग ना बसतो ना उठतो, कमी झाला की बसतो, फार जास्त झाला की मागनं उठतो आणि सैल मुरमावर चाक उड्या मारायला लागतं. माझा निघाला ९३. चांगला होता की, कारण नसताना हात घालतोय असं पण वाटलं.

मग खालचा बोल्ट ३६० वर नेऊन परत काढला. ५२!

आणि दुसरं म्हणजे वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर २३० चं १७० झालं. एक्सल पिळायचा जो जोर येतो तो या दोन लिंक मिळून झेलतात, अंतर कमी म्हणजे तरफ आखूड, तोच जोर झेलायला लिंकवर ३५ टक्के जास्त ताण. ढोबळ हिशोब असा आहे की हे अंतर टायरच्या व्यासाच्या चौथाईएवढं तरी पाहिजे, ७८७ चा टायर म्हणजे १९७. आपण १७० वर. म्हणजे ६० मिमी फुकट मिळत नाहीयेत.

रात्री झोपताना लक्षात आलं की बोल्ट एक्सलच्या मध्याच्या १५ खाली ठेवलाय आणि ट्यूबची त्रिज्या ३८ आहे. कागदावर मी बोल्ट ट्यूबच्या आतनं घातलाय. उठून दिवा लावून बघितलं, खरंच आतनं. बायको म्हणाली काय झालं, म्हटलं काही नाही, झोप.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसनंतर दोन संध्याकाळी त्यात गेल्या. बोल्ट १५ खाली पाहिजे तर तो ट्यूबच्या पुढं यायला पाहिजे, कमीत कमी ७४, म्हणून ८० धरला. ब्रॅकेट आता ट्यूबला खालनं न लोंबता पुढनं मिठी मारणार. त्याची खालची कड ३२५ वर येते, म्हणजे २७० चे ३२५, ५५ मिमी. ६० म्हणत होतो, ५ गेले, चालतंय.

पण लिंक आखूड होणार. जुनी बोल्ट ते बोल्ट ९०९, नवीन ८२३. ८६ मिमी! आट्यावर फिरवून एवढं निघत नाही, पाइप कापायलाच लागणार.

अँटी-स्क्वॅट या मांडणीत ५८. अजून कमीच. मग वरचा ब्रॅकेट पण एक्सलवर ४० नं उचलून बघितला, ५३० चा ५७०, म्हणजे वरची लिंक जी पुढं चढत जायची ती आता किंचित पुढं उतरते. निघाले ८१. अंतर २१०, टायरच्या चौथाईच्या वर. हे पटलं. ताण जुन्यापेक्षा साधारण दहा टक्के जास्त, तेवढा बाहेरनं ५० मिमीचा, ६ मिमी जाडीचा सीमलेस पाइप आरामात घेतो.

अजून एक गोष्ट बोनस म्हणून आली. खालची लिंक जेवढी तिरकी तेवढं गाडी कलली की बाहेरचं चाक मागं ढकललं जातं आणि आतलं पुढं येतं, म्हणजे मागचा एक्सल स्वतःच स्टिअरिंग करतो. नवीन लिंक बरीच आडवी, तो खोडसाळपणा कमी होणार.

वरचा ब्रॅकेट उचलायचा म्हणजे डिफवरच्या ट्रसचं (वरचे ब्रॅकेट ज्याच्यावर बसतात त्या सांगाड्याचं) काम आलं आणि फ्लोअरला किती जागा उरते तेही बघायला पाहिजे. एक काम काढलं होतं, तीन झाली.

१६ नोव्हेंबर, रविवार

कॉइल काढल्या, शॉक सोडले, एक्सल जॅकवर पूर्ण वर नेऊन बघितला. आता आहे त्या जागेपासनं बंप स्टॉप (एक्सलला वर अडवणारा रबरी ठोकळा) लागेपर्यंत चाक ११० वर जातं. वरच्या ब्रॅकेटच्या डोक्यापासनं फ्लोअरपर्यंत १६८. ब्रॅकेट ४० वर गेला की १२८, त्यातनं ११० गेले, उरले १८. ऐकायला बरं वाटतं पण बंप स्टॉपचं रबर जोरात आपटलं की वीसेक मिमी सहज दबतं, म्हणजे ब्रॅकेट फ्लोअरला हाणणारच.

दोन वाटा होत्या. बंप स्टॉपखाली २० चा तुकडा घालून प्रवास कमी करायचा नाहीतर फ्लोअर कापायचा. प्रवास कमी करायला जीव होत नाही, तीन वर्षांपूर्वी त्याच्यासाठीच तर पाटे काढले. मागची सीट तशीही नाही. फ्लोअर कापून वर पत्र्याचा डबा करायचं ठरलं.

टायर आणि लिंकमध्ये सरळ उभं असताना ३० मिमी आहे. एक चाक पूर्ण वर आणि दुसरं पूर्ण खाली केल्यावर ९ उरतात, आणि ते २६ हवेला. खाणीत हवा १४ वर आणतो तेव्हा टायरची बाजू फुगते, मग किती उरणार. जुन्या लिंकवर टायर घासल्याचा काळा चट्टा होताच, आत्ता कुठं त्याचा अर्थ लागला. नवीन ब्रॅकेट १५ मिमी आत घ्यायचा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पुठ्ठ्याचा साचा घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात आबांकडं गेलो. आबांचं दुकान म्हणजे एक लेथ, एक रेडियल ड्रिल, एक मिग मशीन आणि कोपऱ्यात कुठल्यातरी जुन्या ऑइल इंजिनचं फ्लायव्हील, ज्याच्यावर गिऱ्हाईक बसतं. आबांनी पुठ्ठा उलटासुलटा करून बघितला.

"हे काय रं, ट्यूबच्या पुढं कशाला आणलंस? खाली बरं व्हतं की."

सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "म्हंजी पंचवीस सूत म्होरं."

आबा मिलिमीटरमध्ये बोलत नाहीत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिमीला जरा कमी, पंचवीस सूत म्हणजे ७९ आणि काही. डोक्यात हिशोब माझ्याआधी झाला त्यांचा. मी म्हटलं आबा ८० म्हणजे ८० च ठेवा, तर म्हणाले तुझ्या त्या दगडाला कळतंय व्हय अर्धा मिलिमीटर.

त्यांनी एक गोष्ट मात्र पकडली जी माझ्या चित्रात नव्हती. ब्रॅकेटच्या दोन प्लेटा ट्यूबवर नुसत्या कडेनं वेल्ड केल्या तर सगळा ओढ त्या कडेच्या दोन टोकांवर येणार. एका प्लेटला आतल्या बाजूला ३० मिमीची पट्टी काटकोनात मुडपून ठेव, म्हणजे ती ट्यूबच्या डोक्यावरनं जाऊन ट्रसला भिडेल, वेल्डची लांबी दुप्पट होईल. बरोबर होतं. रात्री ड्रॉइंग बदललं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

६ मिमी प्लेट, लेझर कटिंग शिरोलीला. जाताना हायवेवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, हंगाम जोरात, एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या आणि वर साउंड. अर्ध्या तासाच्या वाटेला सव्वा तास. कटिंग मात्र वीस मिनिटांत, कडा अशा आल्यात की ग्राइंडर लावायला मन होत नाही.

तिथनंच बेंडिंगला दिलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

दोन्ही प्लेटा उजव्या हाताच्या आल्या. पट्टी दोन्हीची एकाच बाजूला मुडपलेली. बेंडिंगवाल्याची काही चूक नाही, मी एकच ड्रॉइंग दिलं आणि खाली लिहिलं "नग २", डावा उजवा लिहिलंच नाही. कागदावर आरशात बघितल्यासारखं मला दोन्ही दिसत होते, त्याला कसे दिसणार. एक प्लेट परत कापायला टाकली, म्हणजे परत शिरोली, परत ऊस.

मामाला सांगितलं तर म्हणाला लग्नात दोन्ही नवरदेव आल्यासारखं झालं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज तोडफोड. बॅटरीच्या दोन्ही तारा काढल्या, अल्टरनेटरची पण. डिफचं ऑइल काढलं, हाफ शाफ्ट दोन्ही ओढून बाहेर, सील गरमीनं जळू नयेत म्हणून तीही काढलीच, तशीही जुनी झाली होती. ब्रेकचा पाइप आणि हँडब्रेकची केबल बाजूला बांधली.

जुना नांगर कापायला दुपार गेली. १ मिमीच्या चकतीनं ट्यूबपासनं २ मिमी सोडून कापायचं आणि उरलेलं फ्लॅप डिस्कनं हळूहळू, घाई केली की ट्यूबला खाच पडते आणि मग ती खाचच पुढं चीर होते. डाव्या बाजूला जुना वेल्ड एवढा जाड होता (माझाच) की चार चकत्या संपल्या. उजवीकडं उलट, वेल्ड वरनं छान आणि आत मुळालाच धरलेला नाही, ग्राइंडर लागल्या लागल्या अर्धा पदर सोलून आला. तीन वर्षं त्याच्यावर खाणीत फिरलो. फोटो काढून ठेवलाय, कुणाला दाखवणार नाही.

संध्याकाळी दोन्ही चाकं परत नुसती अडकवून एक माप घेतलं जे पुढं कामाला आलं. एक्सलच्या उंचीवर डाव्या रिमपासनं उजव्या रिमपर्यंत, एकदा पुढनं आणि एकदा मागनं. दोन्ही आकडे एकच. म्हणजे ट्यूब आत्ता तरी सरळ.

३० नोव्हेंबर, रविवार

लिंकचं काम आबांकडं. पाइप कापून चेसीकडचा आट्याचा तुकडा परत बसवायचा होता. मी ८६ कापायला सांगितलं, आबांनी ८० च कापले, म्हणाले आटा दीड पिचचा आहे, उरलेले ६ चार वेढ्यात जातील, आणि उद्या कमी पडलं तर पाइप वाढवता येत नाही. लेथवर आत टप्पा काढून तुकडा घट्ट बसवला, गोल वेल्ड, शिवाय पाइपला दोन भोकं पाडून त्यातनं पण वेल्ड. रॉड एंड (लिंकच्या टोकाचा आट्याचा सांधा) अर्ध्या अर्ध्या वेढ्यानंच बसतो हे आबांनी आधीच धरलेलं, म्हणजे पाऊण मिमीच्या टप्प्यात.

वरच्या लिंकला हात लावायची गरज नाही, एक्सलकडचं टोक ४० वर गेलं तरी लांबी अर्ध्या मिमीनं बदलते. हे कागदावर बघून इतका आनंद झाला की आबांना मिसळ खायला घातली.

६ डिसेंबर, शनिवार

टॅक मारले, म्हणजे ब्रॅकेट वेल्डच्या ठिपक्यांनी तात्पुरते धरले. गाडी उभी करायची पद्धत महत्त्वाची, हे मागच्या वेळी चुकलो होतो. चेसी स्टँडवर आणि एक्सल लोंबता ठेवून कोन बघितला की सगळं खोटं येतं. यावेळी कॉइल काढून एक्सल जॅकवर बरोबर त्याच उंचीला ठेवला ज्या उंचीला गाडी उभी असताना असतो, चेसी ते ट्यूब मोजून, दोन्ही बाजूला.

ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचं) मागचं तोंड ४ अंश खाली बघतंय. तिथनं डिफकडं जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला दोन साधे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट), म्हणून डिफचं तोंड त्याला समांतर, ४ अंश वर. लिंकनं एक्सल धरलेला असल्यामुळं पाट्यासारखा तो पिळला जात नाही, म्हणून जास्तीचं काही सोडलं नाही. डिजिटल अँगल मीटर चुंबकाचा आहे, तीनशे रुपयाचा, पण दोन ठिकाणी ठेवून एकच आकडा देतो तेवढं पुरे.

मग टॅकवरच सगळं हलवून बघितलं. डावं चाक पूर्ण वर, उजवं खाली, मग उलट. टायर आणि लिंकमध्ये आता २३ उरतात. १४ हवेला १६. वरचा ब्रॅकेट फ्लोअरला बरोबर जिथं लागेल म्हटलं होतं तिथं लागला, म्हणजे खडूनं खूण करून कापायला मोकळा. हँडब्रेकची केबल मात्र नवीन ब्रॅकेटवर घासतेय, तिला क्लिप हलवून दीड इंच वर घेतली.

७ डिसेंबर, रविवार

वेल्डिंग. अर्थिंगची पकड चेसीला न लावता एक्सल ट्यूबलाच, वेल्डच्या जवळ. १.२ ची वायर, सीओटू. आबा स्वतः आले, म्हणाले एक्सलचं काम पोराच्या हातात देत नाही, पोरगा म्हणजे मी, वय ४१.

एका वेळी इंचभर. डावीकडं एक, उजवीकडं एक, मग वर, मग थांबायचं, हात लावता येईपर्यंत. मध्ये चहा, मध्ये राजकारण, मध्ये शेजारच्या काकांनी येऊन याच्यापेक्षा नवीन गाडी का घेत नाही हे विचारून जाणं. सकाळी साडेनऊला चालू केलेलं पाचला संपलं.

एवढं सावकाश करूनही चाकं लावून माप घेतलं तर पुढनं ३ मिमी कमी. सगळा वेल्ड ट्यूबच्या पुढच्या अंगाला, तो गार होताना आकसतो आणि ट्यूबची दोन्ही टोकं पुढं ओढतो, चाकं आत बघायला लागतात. पोटात गोळा आला. आबांना अजिबात नवल नाही. म्हणाले, "आकसलंय न्हवं, मग मागनं पण आकसवूया." ट्यूबच्या मागच्या बाजूला, ब्रॅकेटच्या बरोबर पाठीमागं, दोन्हीकडं दोन दोन इंचाचा नुसता एक पदर मारला, काही जोडायचं नाही, फक्त ओढून घ्यायला. गार झाल्यावर दीड. अजून एक पदर. अर्धा मिमी. तिथं थांबलो, म्हणाले आता हात लावशील तर दुसरीकडं जाईल.

हे कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर विश्वास बसला नसता.

१३ डिसेंबर, शनिवार

फ्लोअर कापला, दीड मिमीच्या पत्र्याचा डबा, ६० उंच. दिसायला मागं पाट ठेवल्यासारखं दिसतं. नवीन सील, हाफ शाफ्ट, ऑइल, ब्रेक ब्लीड. बोल्ट एम १६, १०.९ चे, आणि बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच घट्ट केले, लोंबत्या अवस्थेत आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ब्रॅकेटला रेड ऑक्साइड आणि वर मुद्दाम पिवळा स्प्रे, कुठं घासलं ते लगेच दिसावं म्हणून.

खर्च लिहून ठेवतो, नंतर आठवत नाही: प्लेट, लेझर आणि बेंडिंग (एक जास्तीची प्लेट धरून) ३,४०० च्या घरात, आबा ६,०००, सील-ऑइल-बोल्ट २,८००, चकत्या आणि गॅस वेगळे. मिसळ धरलेली नाही. आबांचे अजून ४,००० द्यायचेत.

२१ डिसेंबर, रविवार

खाण. पन्हाळ्याच्या बाजूला मामाच्या रानाला लागून, बंद पडून बरीच वर्षं झालेली, वरनं जांभा, खाली काळा दगड. सकाळी धुकं होतं, ट्रॉलीवरनं गाडी उतरवेपर्यंत हात बधिर. हवा १४.

आधी सपाटीवर दोन फेऱ्या. स्टिअरिंग सोडलं तरी गाडी सरळ जाते, पूर्वी खड्ड्यात एक चाक गेलं की शेपूट हलायची ती बरीच कमी. ब्रेक सरळ. प्रोपेलरचा आवाज नाही.

मग मुरमाची चढण. इथं पूर्वी अर्ध्यात मागची चाकं उड्या मारायला लागायची. आज नाही मारल्या, मागचा भाग थोडा बसला आणि सरळ वर. अँटी-स्क्वॅट ९३ चा ८१ केल्यामुळं असं म्हणायला मन करतंय, पण मागच्या वेळी हवा १८ होती आणि मुरूम कोरडा होता, आज दवानं ओला. त्यामुळं श्रेय राखून ठेवलंय.

आणि शेवटी ती पायरी, जिथं नांगर रुतला होता. दगड तोच, त्याच्यावर जुन्या प्लेटचा ओरखडा अजून आहे. मुद्दाम त्याच लायनीनं घातली, डावं चाक दगडाच्या कडेवर, मग ते सरकू दिलं. गाडी खाली बसली, मी श्वास धरून, आणि काहीच आवाज नाही. परत केलं. परत काही नाही. मामाला मोबाइल देऊन खाली वाकून शूटिंग करायला सांगितलं, त्यानं सगळं शूटिंग स्वतःच्या बोटाचं केलंय. तीन वेळा गेलो, उतरून बघितलं, पिवळा रंग जसाच्या तसा.

चौथ्या वेळी उतरताना रिव्हर्स घेतला आणि मागनं कडकन आवाज.

खाली घुसून बघितलं. ब्रॅकेट पिवळाधमक. त्याच्या मागं शॉकचा खालचा कान दगडावर टेकून ६ मिमी आत चेपलाय, शॉकचा बोल्ट तिरका. आता एक्सलवर चाकाच्या जवळ सगळ्यात खाली लोंबणारी वस्तू तीच आहे. घरी येऊन वही उघडली. ८ नोव्हेंबरच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, शॉकच्या खालच्या कानाची कड २९८. नांगर २७० वर होता तोपर्यंत तो कान त्याच्या आडोशाला होता. दीड महिना ३२५ चा जप करत बसलो आणि २९८ कडं एकदा पण बघितलं नाही.

आबांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं किती वर घ्यायचाय, म्हटलं बारा सूत. जरा थांबले.

"घिऊन ये की. पर येताना आदी मागचं चार हजार आण."